उबेतली खोकी

गेर्गिनाची माया बरणीत मावायची. व्रात्सा गावच्या पावाच्या कारखान्यात उभी हयात गेली, नवरा गेला, लेक इस्क्रा सोफिया शहरात संसाराला गेली, आणि मागे उरल्या त्या बरण्या. भाजलेल्या मिरच्यांची चटणी म्हणजे ल्युतेनित्सा, प्लमचा मुरंबा, बोयानच्या आवडीचं चेरीचं सरबत. बोयान म्हणजे नातू. दर शरदात खोकी बांधायची आणि सोफियाच्या बसच्या ड्रायव्हरच्या हवाली करायची. तिथल्या सगळ्याच आया हे करतात, पण गेर्गिना खोकं असं बांधायची की उघडताना इस्क्राला सुरीच घ्यावी लागे.

तळघरात काळी झुरळं होती. ती काय, आजोबांच्या काळापासूनची. पण दोन वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात बारकी, तपकिरी दिसू लागली. तिथल्या भाषेत दोन्हींना एकच शब्द, ख्लेबारका. पाव म्हणजे ‘ख्ल्याब’, त्यावरूनच आलेला. कारखान्यात बायका गेर्गिनालाही त्याच नावाने चिडवायच्या. शब्द एक, म्हणून तिने घराणंही एकच धरलं. बारकी ती काळ्यांची पोरं!

“आया खाली गारव्यात लोळतायत आणि कार्टी माझ्या डोक्यावर मिरे वाटतायत,” ती शेजारणीला म्हणाली.

मग हात धुऊन आयांच्या मागे लागली. गटाराच्या जाळीत उकळतं पाणी ओतलं, तळघराच्या दाराच्या फटी लिंपल्या. बरण्या आणि रिकामी खोकी वर आणून फ्रिजमागे उबेला रचली. नातवाच्या तोंडी जाणाऱ्या वस्तूला त्या काळ्या अवदसांचा वारासुद्धा लागायला नको!

त्या शरदातली खोकी तिथूनच सोफियाला गेली, आणि हिवाळ्यात बोयानला दम लागू लागला. वसंतात इस्क्राचा फोन आला. “डॉक्टर म्हणतात, घरातल्या झुरळांमुळे वाढतंय. आई, माझ्या घरात गेल्या शरदापर्यंत औषधालासुद्धा झुरळ नव्हतं गं. कुठून आली मेली?”

“शेजारी घाणेरडे असतील,” गेर्गिना म्हणाली, आणि छातीला बरा म्हणून अक्रोडाचा मुरंबा पाठवला. आणखी एका खोक्यातून.

मे महिन्यात गेर्गिनाच्या इमारतीत फवारणीवाला आला. त्याचं नाव स्पास, बडबड्या माणूस. तिने त्याला थेट तळघराकडे ओढलं.

“मावशी, तिकडे कुठे? तुमची तर इथं आहेत.” त्याने फ्रिजमागून एक झुरळ पेल्याखाली पकडलं. “ही बघा.”

“ते पिल्लू आहे. आई खाली आहे.”

“कसलं पिल्लू! पंख बघा की. हीच आई. मानेमागे दोन काळ्या रेघा दिसतायत? ही जात वेगळी. काळीला गारवा लागतो, हिला ऊब. काळी अंड्यांची डबी टाकून निघून जाते; ही पोरं बाहेर पडेपर्यंत पोटाला धरून हिंडते.” त्याने पेला जरा तिरका केला. “आणि पुठ्ठ्याच्या दुमडीत बसून कुठंही जाते. ही खोकी कसली?”

गेर्गिनाने वरचं खोकं उचललं, त्याची घडी उलगडली, आणि आत बारकी, तपकिरी झुरळं सळसळली. खाली गारव्यात राहिली असती तर ही खोकी निर्धोक राहिली असती. तिनेच ती वर आणली होती, मायेने.

स्पास गेल्यावर तिने फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. इस्क्रा किंचाळली असती तर बरं झालं असतं.

“आई, आता काही पाठवू नकोस,” एवढंच ती म्हणाली.

“नाही पाठवत. मी येऊ का गं? नुसती. रिकाम्या हातानं.”

“नको.”

“नवा कोट घेते. स्थानकावरच कपडे बदलते, पिशवीसुद्धा आणत नाही. इस्क्रे, मी दारातनंच बघीन त्याला.”

“आई, काल रात्री तो निळा पडला होता. मला कुणाचाच भरवसा वाटत नाही आता. नको येऊस.”

मागून खोकला ऐकू आला, मग बोयानचा घोगरा आवाज. “आजी आहे? कधी येणारेय?”

“आजीला वेळ नाहीये रे,” इस्क्रा म्हणाली, आणि पोराने तिच्या हातातून फोन ओढून घेतला.

“आजी, खरंच वेळ नाही तुला?”

गेर्गिनाला वेळाशिवाय दुसरं काहीच नव्हतं.

“नाही रे राजा,” ती म्हणाली, “आजीला फार काम आहे.”