वकीलबाईंनी मागे घेतलेला खटला

सरकारी वकीलबाई खाटकाची लेक. लहानपणी बापाच्या दुकानात मांस तोडायचा ओंडका खरवडून धुवायचं काम त्यांच्याकडे असायचं, त्यामुळे रक्ताचं त्यांना कधी काही वाटलं नाही. पण शिंप्याचे फोटो समोर आले तेव्हा त्यांनी ते पालथे ठेवले.

कॉलेजच्या फाटकासमोर त्या शिंप्याचं दुकान. मुष्टियुद्धाचे सामने जिंकून आलेली पाच पोरं संध्याकाळी तर्र होऊन दुकानात शिरली. जर्सी शिवायला उशीर का झाला, यावरून बाचाबाची झाली. शिंपी पाठमोरा होऊन कपाट उघडत होता, तेवढ्यात मानेवर गुद्दा बसला. तो मशीनवर कोसळला, दात ओठात घुसले. मग त्याला ओढत बाहेर रस्त्यावर आणून लाथांनी तुडवलं. जबडा दोन ठिकाणी मोडला, तीन बरगड्या गेल्या, आणि बुटाच्या टाचेनं उजवा डोळा फुटला.

पकडला गेला एकटाच, कॉलेजचा चॅम्पियन. त्याचं तोंड भिंतीभिंतीवरच्या पोस्टरांवर होतं, म्हणून दुकानात शिरताना लोकांना तेवढंच ओळखता आलं; मारताना पाहिलं असं कुणी म्हणेना. शिंप्याला पहिल्या गुद्द्यानंतरचं काहीच आठवत नव्हतं. चॅम्पियनची बोटं सोललेली होती, पण मुष्टियोद्ध्याची बोटं कधी धड असतात? सगळा खटला शेजारच्या चहावाल्यावर उभा होता.

सुनावणीच्या आधी बाईंनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. तो पोपटासारखा बोलला. "चॅम्पियननेच टाच मारली. मी समोरून पाहिलं."

"तुमची टपरी दुकानाच्या कुठल्या अंगाला?"

"डाव्या."

"मग समोरून कसं दिसलं?"

त्यानं पुन्हा पहिल्यापासून तेच सुरू केलं, शब्दही इकडचा तिकडे नाही. बाईंनी हात वर केला. "दादा, हे कुणी पाठ करून घेतलं?"

 चहावाला उठला, त्यानं दार लोटलं आणि पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला. पोटऱ्यांवर पट्ट्याचे काळेनिळे वळ होते, काही फुटून पिकलेले. "फौजदारसाहेबांनी. दोन दिवस उलटं टांगलं होतं. ताई, मला फक्त पाठी दिसल्या. पाच पाठी."

बाई तडक मोठ्या साहेबांकडे, मुख्य सरकारी वकिलांकडे, गेल्या. साहेब म्हणाले, "चालवा की खटला. सोडायचं तर जज सोडतील. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही."

"मार खाऊन खोटं बोलणारा माणूस मी पिंजऱ्यात उभा करू?"

"पोलिसांशी वैर घेऊन सरकारी वकिली होत नसते, बाई. आणि तो पोरगा काय धुतल्या तांदळाचा आहे?"

"नाही. माझ्या मते त्यानंच मारलं. पण माझं मत म्हणजे पुरावा नव्हे."

शेवटी साहेबांनी हात झटकले. बाईंनी फौजदाराविरुद्ध तक्रार दिली आणि खटला मागे घेण्याचा अर्ज केला. कोर्टानं तो मंजूर केला. व्हरांड्यात शिंप्याची बहीण उभी होती. हातातला स्टीलचा डबा तिनं सगळा जीव एकवटून बाईंच्या कपाळावर हाणला. "किती खाल्लंस गं त्यांचं? किती?" बाई भिंतीला धरून खाली बसल्या. रक्त डोळ्यांत, कॉलरवर. शिपायानं बहिणीचा हात पिरगाळला तशा त्या ओरडल्या, "सोड तिला! माझी तक्रार नाही."

टाके घालून घेऊन बाई दवाखान्याच्या बाकावर बसल्या होत्या, तिथे चॅम्पियन आला. वाकून पाया पडू लागला. बाईंनी पाय आखडून घेतले.

"तू निर्दोष आहेस असं मी कुठंही म्हटलेलं नाही."

पोरगा खाली बघत म्हणाला, "मॅडम, आम्ही पाच जण..."

"थांब. पुढं जे बोलशील ते मी पोलिसांत सांगणार. तुझ्या नावासकट. कळलं? आता बोल."

 त्याच्या मुठी वळल्या, सुटल्या. मग तो वळला आणि चालू लागला. पुन्हा कधी आला नाही. त्याच्यावर पुन्हा खटलाही झाला नाही. दुसऱ्या वर्षी त्यानं मोठी स्पर्धा जिंकली, समोरच्याचं नाक फोडून. फौजदार निलंबित झाला आणि काही महिन्यांनी दुसऱ्या ठाण्यात रुजू झाला. चहावाला टपरी मोडून गाव सोडून गेला.

एके दुपारी शिंपी स्वतः बाईंच्या केबिनमध्ये आला, बहिणीला घेऊन. जबडा वाकडा बसला होता, बोलताना लाळ गळे.

"खरं सांगा, त्यानंच मारलं असं वाटतं तुम्हाला?"

"वाटतं."

"आणि सोडलात."

"चहावाल्याच्या पोटऱ्या मी पाहिल्यात, दादा."

"माझं तोंडही पाहिलंत."

 शिंप्यानं रुमालानं लाळ पुसली. "मला नाही पटलं तुमचं. मरेपर्यंत पटायचं नाही." तो वळला आणि उजव्या अंगानं दाराच्या चौकटीवर आदळला. बहिणीनं त्याचं कोपर धरलं, जाताना बाईंच्या कपाळाकडे एकदा पाहिलं, आणि दोघं जिना उतरले. बाई उठून उभ्या राहिल्या होत्या.