रकाने आणि आम्ही तिघं

एका ऑफिसात बरीच वर्षं काढली की किस्से आपोआप साचतात. पंख्याच्या पात्यांवर धूळ बसते तसे, कुणी मुद्दाम आणून टाकत नाही. माझी मुलुंडची शेजारीण एकदा म्हणाली, "वैशाली, तू दिवसभर टेबलं बनवतेस म्हणजे सुतारकाम का गं?"

तर सुतारकाम नाही. अहवाल, वेळापत्रकं, सूची यांत आडव्या ओळी आणि उभे रकाने असतात ना, ती टेबलं. कुठला रकाना किती रुंद, कुठली अक्षरं ठळक, कुठल्या ओळीला करडा रंग, हे सगळं कॉम्प्युटरवर आम्ही ठरवायचो. घाटकोपरला चष्म्याच्या दुकानावरच्या माडीवर आमचं डीटीपीचं ऑफिस. माणसं तीन. मालक देसाई सर, माझ्यापेक्षा दहाबारा वर्षांनी मोठे परब, आणि मी.

सरांना टेबल नीटनेटकं लागायचं. सगळ्या ओळी एका उंचीच्या. त्यासाठी ते ओळीची उंची पक्की करून टाकायचे. मग एखाद्या चौकोनात मजकूर जास्त झाला की उरलेला दिसेनासा होतो आणि स्क्रीनवर तिथे एक लाल ठिपका येतो. ठिपका छापला जात नाही. मजकूरही नाही.

एका वृद्धाश्रमाचा अहवाल होता. देणगीदारांच्या टेबलात एक नोंद अशी: 'कै. रमाकांत जोगळेकर यांच्या स्मरणार्थ श्रीमती सुमन जोगळेकर.' रकाना अरुंद, उंची पक्की. छापून आलं फक्त 'कै. रमाकांत जोगळेकर'.

चार दिवसांनी बाईंचा फोन. "अहो, आमच्या ह्यांनी जिवंतपणी कुणाला कटिंग चहा पाजला नाही. आता गेल्यावर देणग्या द्यायला लागले का?"

सर पुन्हा पुन्हा माफी मागत होते. दुरुस्तीची चिठ्ठी छापून प्रत्येक प्रतीत चिकटवतो म्हणाले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "नको. राहू दे. निदान कागदावर तरी दिलदार दिसतायत."

*

रकान्याची रेघ माऊसने धरून ओढली की तो रकाना रुंदावतो, पण मग पूर्ण टेबलच तेवढं वाढतं आणि पानाबाहेर जातं. शिफ्टचं बटण दाबून ओढलं तर टेबल आहे तेवढंच राहतं. एक रकाना वाढतो, शेजारचा तेवढाच आकसतो.

गोवंडीच्या एका शाळेचं परीक्षेचं वेळापत्रक सरांनी स्वतः बघायला घेतलं. 'सोमवार' फार चेपलाय म्हणाले आणि शिफ्ट न दाबता ओढला. सोमवार छान मोकळा झाला. शनिवार पानाबाहेर गेला. प्रूफ शाळेत गेलं, तिथेही कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि वेळापत्रक घरोघरी वाटलं गेलं.

पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापिका बाई जिना चढून आल्या. चिडल्या नव्हत्या, त्यामुळे जास्तच भीती वाटली. खुर्चीत बसून पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "शनिवारी चित्रकलेच्या पेपरला मी होते आणि शिपाई होता. आम्ही दोघांनी एकेक मोर काढला."

*

हा किस्सा परबांच्या घरचा. परब भटवाडीत वडिलांच्या खोलीत राहायचे. वडील गिरणीत होते, गिरणी गेली, पुढे वडीलही गेले, खोली राहिली. परब, उमावहिनी आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी. तशात परबांच्या धाकट्या भावाची कंपनी बंद पडली. डोंबिवलीची भाड्याची जागा सोडून तो बायको-मुलांसह भावाकडेच राहायला आला.

मी विचारलं, "परब, एका खोलीत दोन संसार कसे जमवलेत?"

परब एरवी आमच्यासारखंच बोलायचे. मनातलं बोलताना मात्र मालवणी यायची. म्हणाले, "मधला कपाट आमच्या अंगाक सरकवला. शिफ्ट दाबून ओढलंव."

मी हसले. ते हसले नाहीत. "खोली तेवढीच रवली गो," म्हणाले, आणि चष्मा पुसून कामाला लागले.

*

स्टेशनजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबने रक्ततपासणीच्या रिपोर्टचा नमुना आमच्याकडून करून घेतला होता. तीन रकाने: तपासणीचं नाव, आलेला आकडा, असायला हवा तो आकडा. आकडा मर्यादेबाहेर असेल तर तो ठळक दिसावा, अशी स्टाईल परबांनी बसवून दिली होती. नमुना सुटसुटीत झाला होता. सर कौतुकाने तो भिंतीवर लावून नव्या गिऱ्हाइकांना दाखवायचे.

एकदा सकाळी परब उशिरा आले आणि कागद समोर धरून नुसतेच बसले. सर मागून जाताना थांबले. त्यांनी खांद्यावरून कागद बघितला आणि म्हणाले, "परब, ठळक फार झालंय हो हे. वरपासून खालपर्यंत सगळंच ठळक. जरा हलकं करा की."

"होय सर," परब म्हणाले आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली.

दुपारी डबा खाताना त्यांनी मला सांगितलं, की उमावहिनींना टाटा नाही तर कुठल्यातरी मोठ्या इस्पितळात दाखवायला सांगितलंय. मी सरांच्या केबिनमध्ये गेले आणि तो कागद नमुना नव्हता, एवढंच सांगितलं. सर त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी लॅबचा नमुना भिंतीवरून काढून ठेवला.

*

पुढे काम कमी होत गेलं. लोक मोबाईलवरच टेबलं करायला लागले. परबांना इस्पितळात जावं लागायचं. सरांनी आम्हाला समोर बसवलं आणि म्हणाले, "कुणाला काढत नाही. दिवस वाटून घ्या. एक दिवस परब, एक दिवस तू."

त्यामुळे परबांची आणि माझी भेट संपली. एकच फाईल एक दिवस ते करायचे, दुसऱ्या दिवशी मी. मग परब पानाच्या बाहेरच्या रिकाम्या भागात माझ्यासाठी निरोप लिहून ठेवू लागले. पानाबाहेरचं छापलं जात नाही. 'दुसरा रकाना हलवू नको.' 'टोटल तपासली.' कधी 'आज ती दोन घास जेवली.' मी खाली लिहायचे, 'बरं झालं. पान सहा झालं.'

एका पतपेढीच्या अहवालात एक निरोप चुकून पानाच्या आत सरकला. संचालकांच्या टेबलात, अध्यक्षांच्या नावाशेजारी, व्यवस्थित छापून आलं: 'वैशाली, हेका हात लावू नको.'

अध्यक्ष सत्तरीचे गृहस्थ. ऑफिसात आले, पान उघडून टेबलावर ठेवलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "ही वैशाली कोण, आणि मला हात लावायची तिची इच्छा होती का?"

सर मान खाली घालून हसू दाबत होते. मी बाथरूममध्ये जाऊन हसले. परबांना केव्हा सांगते असं झालं. फोन केला, तर त्यांच्या भावाने उचलला. म्हणाला, "ताई, दादा आत आहे. वहिनीला आयसीयूत नेलंय."

तो किस्सा परबांना सांगायचा राहूनच गेला.

*

वहिनी गेल्या त्या सुमाराला आमच्याकडे एका ग्रामस्थ मंडळाची कुटुंबसूची चालू होती. गाव परबांचंच, कामही त्यांनीच आणलेलं. मुंबईत राहणाऱ्या प्रत्येक घराचं एक टेबल: नाव, नातं, वय, शिक्षण. आणि शेवटी 'आमचे दिवंगत' म्हणून एक लांबलचक टेबल. सूची छापायला जाईपर्यंत जे जातील त्यांचं नाव घरच्या टेबलातून काढून तिथे न्यायचं, असं मंडळाने कळवलेलं होतं.

परब अजून रजेवर होते. सरांनी मला बोलावलं. "वैशाली, ते यायच्या आत तू करून टाक. त्यांच्या हातून नको व्हायला."

मी परबांच्या घराचं टेबल उघडलं; भावाच्या संसाराचं वेगळं होतं. 'उमा, पत्नी' ही ओळ उचलली आणि दिवंगतांमध्ये नेऊन ठेवली. 'उमा अनंत परब.' घरच्या टेबलात परब आणि मुलगी, दोनच ओळी उरल्या. फाईल बंद करून मी जरा वेळ गॅलरीत उभी राहिले.

तेरावं झाल्यावर परब कामावर आले. दिवस त्यांचा होता, पण सरांनी मलाही बोलावून घेतलं होतं. परबांनी चहा घेतला, मंडळाचं काम कुठवर आलं विचारलं आणि मशीनवर बसले. बराच वेळ माऊसचा आवाज येत होता. मग त्यांनी शेवटचं प्रूफ काढून सरांच्या टेबलावर ठेवलं.

सर पानं उलटत होते. एका पानाशी थांबले. मी त्यांच्या मागे उभी होते, मलाही दिसलं. परबांच्या घरच्या टेबलात परत तीन ओळी होत्या. शेवटच्या टेबलात वहिनींचं नाव नव्हतं.

"परब," सर म्हणाले, "हे मंडळाला काय सांगायचं?"

परब उभेच होते. नजर प्रूफवर. "त्या टेबलातलो नावाचो रकानो अरुंद असा, सर. तिचा नाव थंय मावणा नाय."

सरांनी शेवटचं पान काढलं. चष्मा वर करून अगदी जवळून बघितलं. त्या रकान्यात प्रत्येक नावापुढे बोटभर कोरी जागा होती.

त्यांनी प्रूफ मिटलं आणि वर 'छापण्यास योग्य' असं लिहून सही केली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "नाही मावत."