गफूरचाचांची घंटी आणि मधला धुरा

युद्धनौकेची वीज मी खामगावच्या एका कापसाच्या जिनात शिकले.

हसू नका. माझ्या ऑफिसातल्यांनी तर अजिबात नको.

शेजारचे गफूरचाचा गेले, त्याला आज वर्ष झालं. शंभरीला थोडेच कमी होते. तोंडात दात एक नाही, पण भुईमुगाच्या शेंगांचा हट्ट कायम.

काही वर्षांपूर्वी मी सुट्टीत घरी आले, तर चाचा म्हणाले, "तू काय काम करतं माय तिकडे?"

सांगितलं. जहाजाला पाण्यात पुढे ढकलणारा पंखा फिरवायला एक इंजिन असतं, आणि दिवे-रडारसाठी वेगळे जनरेटर. आम्ही वीज एकत्र करतोय. त्याच विजेवर पंखा फिरेल आणि रडारही चालेल.

"म्हंजे मधातला धुरा काढून टाकला."

धुरा म्हणजे आमच्याकडे दोन वावरांमधला बांध. पुण्याच्या सहकाऱ्यांना हे समजवायला दोन चहा लागले. त्यांना धुरा म्हटलं की खांद्यावरची जबाबदारीच आठवते.

मी म्हटलं, "काढला, पण फसलाय. मोठी मोटर सुरू केली की सगळं ट्रिप होतं. पुढची टेस्ट फेल गेली तर साहेब धुरा परत टाकणार. माझी तीन वर्षं पाण्यात."

चाचा एकदम खुश. "आमचं बी हेच झालं होतं."

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि चाचा जिनात इंजिनाला तेल घालणारे ऑइलमन. कापसामुळे कंदिलाला बंदी, म्हणून दिव्यांच्या डायनामोला छोटं वेगळं इंजिन होतं. ऐन हंगामात ते बंद पडलं. चाचांनी डायनामोचा पट्टा सरळ मोठ्या इंजिनाच्या शाफ्टवर चढवला. दिवे लागले.

मग कापूस दाबून गाठी बांधायची प्रेस सुरू झाली. इंजिन दबलं आणि अख्ख्या जिनात अंधार.

"मॅनेजर म्हणे, उद्यापासून येऊ नको."

"मग?"

"मंग काय. प्रेसवाल्याले सांगतलं, सुरू कराच्या आधी घंटी वाजव. घंटी वाजली का मी सरकी काढाच्या दोन मशिनीचे पट्टे उतरवो. मंग प्रेस. दिवे बी राह्यले न नौकरी बी."

मग मलाच विचारलं, "तुही मोटर सांगते का कोणाले, मी येऊन राह्यली म्हून?"

नव्हती सांगत.

मोटर आधी वीज ओढायची, मग आमचा कंट्रोलर धावाधाव करायचा. मी सुट्टी अर्धी टाकून परत गेले. आता मोटर आधी निरोप देते. कंट्रोलर एसी आणि पाण्याचे हीटर घडीभर बाजूला ठेवतो, मगच तिला हो म्हणतो.

टेस्टच्या दिवशी एकही दिवा लुकलुकला नाही. मी रडले, आणि त्यावरून टीम अजून चिडवते.

कोडमध्ये त्या निरोपाचं नाव 'घंटी' आहे.

चाचांना फोन केला, तर म्हणाले, "साहेबानं काई देल्लं का? मले गुळाची भेली भेटली होती."

आधी सांगायला शिकवणारा हा माणूस, गेल्या वर्षी दुपारी जेवून आडवा झाला आणि कोणाला न सांगता गेला.

घंटी तर वाजवायची होती, चाचा.

दिवे चालू आहेत. सलाम.