मुद्देमालाची खंडेनवमी
शिरूरला एका फर्निचरच्या दुकानाच्या माडीवर २००८ साली आम्ही पोलिसांसाठी डिजिटल फॉरेन्सिक्सचा वर्ग काढला. कॉम्प्युटरमधला पुरावा कसा जपायचा, हा विषय. मी आधी पुण्यात कॉम्प्युटर विकायचो, त्यामुळे मला त्यातलं सगळं कळतं असा लोकांचा समज होता. तो मी मोडला नाही. दुसरे शिक्षक हौसराव गव्हाणे. ते निवृत्त हवालदार. त्यांना शिकवायला घेतलं ते त्यांनी एक पुरावा साफ नासवला होता म्हणून.

हौसरावांची निम्मी नोकरी दौंड तालुक्यातल्या एका ठाण्यात, मुद्देमालाच्या खोलीत गेली. जप्त केलेली प्रत्येक वस्तू त्यांच्या ताब्यात. तलवारी, सायकली, गावठी दारूचे कॅन आणि एकदा एक बोकड. तो बोकड त्यांनी कोर्टाच्या तारखेपर्यंत धडधाकट ठेवला, याचा त्यांना बढतीपेक्षा जास्त अभिमान होता. "वस्तू जशी आली तशी कोर्टात गेली पायजे," असं ते म्हणत.

२००३ साली या खोलीत पहिल्यांदा कॉम्प्युटर आला. तो यवतच्या आतिफ तांबोळीचा. आतिफ लग्नपत्रिका आणि निवडणुकीची पोस्टरं करायचा. एका सोसायटीच्या निवडणुकीत एका उमेदवाराचं मुंडकं गाढवाच्या धडावर लावलेलं पोस्टर गावात झळकलं. गाढव हुबेहूब होतं. दोन गटांत मारामारी होऊन एकाचा हात मोडला, आणि पोस्टरची फाईल आतिफच्या मशीनवर सापडली. आतिफचं म्हणणं एवढंच, की तो आठवडा तो बहिणीच्या, सुफियाच्या लग्नासाठी तळेगाव ढमढेऱ्याला होता आणि मागे दुकान उघडंच होतं, मशीनवर कोणीही बसलं असेल. फाईलवर कुठली तारीख आहे ते बघा. म्हणणं सोपं होतं आणि तपासणंही सोपं होतं. फक्त तज्ज्ञ यायचे होते.

तज्ज्ञांच्या आधी खंडेनवमी आली.

ठाण्यात त्या दिवशी शस्त्रांची पूजा असते. बंदुका झाल्या, जीप झाली, वायरलेस झाला. हौसरावांना वाटलं, कॉम्प्युटरही यंत्रच, त्यानं काय पाप केलंय? बाहेर काढला, पुसला, हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. पण बंद यंत्राची पूजा त्यांना पटेना, म्हणून चालू केला. मग पडद्यावर गणपती हवा असं त्यांना वाटलं. पत्रिका छापणाऱ्याकडे गणपती असणारच, म्हणून ते एकेक फाईल उघडत गेले. प्रत्येक फाईल बंद करताना मशीन विचारायचं, सेव्ह करू का? मुलीकडून, तेजश्रीकडून, त्यांनी अर्थ विचारून ठेवला होता. सेव्ह म्हणजे जपून ठेवणं. मुद्देमालाच्या माणसाला हे विचारायचं असतं का? ते दर वेळी 'होय' म्हणाले. गणपती सापडेपर्यंत आतिफच्या सगळ्या फायलींवर खंडेनवमीची तारीख पडली होती. गाढवाच्याही.

कोर्टात घोळ झाला. मशीन पोलिसांच्या ताब्यात असताना पोस्टर बनलं कसं? साक्षीच्या आधी वरिष्ठांनी हौसरावांना बाजूला घेतलं. मशीनचं घड्याळ बिघडलं होतं एवढंच म्हणा, पुढचं आम्ही बघतो. हौसराव पिंजऱ्यात उभे राहिले आणि म्हणाले, "घड्याळ चांगलं व्हतं, साहेब. मी पूजा केली." त्यांनी फूल कुठं ठेवलं तेही सांगितलं. कोर्ट हसलं. त्यांची बढती गेली आणि आतिफ संशयाचा फायदा मिळून सुटला.

हौसराव पेढे घेऊन आतिफच्या घरी गेले. आतिफच्या आईनं, अमीरबीनं, पुडा घेतला आणि न उघडता कोनाड्यात ठेवला. आतिफ म्हणाला, "मामा, निर्दोष येगळं आन् सुटला येगळं. यवतमधी सगळी सुटला म्हणत्यात." त्याची ठरलेली सोयरीक मोडली होती. मुलीकडचे विचारत होते, केलं का नाही तेवढं सांगा. ते सांगणारी एकच वस्तू होती, आणि तिची यथासांग पूजा झाली होती.

निवृत्त झाल्यावर हौसराव माझ्या दुकानात आले. त्या जुन्या तारखा परत आणता येतात का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी बघितलं. येत नव्हत्या. ते बराच वेळ तिथल्या खुर्चीवर बसून राहिले आणि मला फार वाईट वाटलं. पुढे वर्ग काढला तेव्हा मी पहिला निरोप त्यांना धाडला.

तिसऱ्या तुकडीला त्यांनी आतिफलाच आणलं. पूजेची गोष्ट ऐकून वर्ग नेहमीसारखा पोट धरून हसला. मग पुढच्या बाकावरच्या एका तरुण फौजदारानं विचारलं, "पण पोस्टर केलं कोणी?"

"ठाऊक न्हाई," हौसराव म्हणाले. "ह्यानं केलं न्हाई, येवढं मला ठाऊक हाय."

"पुरावा?"

हौसरावांनी आतिफकडे बघितलं.

"म्हणजे यांनी केलं नाही असं आपल्याला म्हणता येणार नाही," फौजदार म्हणाला. त्याचा सूर अजिबात उद्धट नव्हता. उत्तर बिनचूक होतं, आम्हीच दोन दिवस तसं शिकवलं होतं. हौसरावांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

आतिफनं खडू उचलला आणि फौजदाराचं वाक्य फळ्यावर लिहिलं. "बरोबर हाय, साहेब," तो म्हणाला. "लिहून घ्या."