दगडातला कापूस

नांदुऱ्यात मी एक्स-रे काढायचो. पेशंट फिल्म घेऊन जातो, त्याचं बोलणं मात्र खोलीतच राहतं. असे किस्से साठतच जातात. माझ्याकडचे बरेचसे पिंपळगाव राजा गावच्या समाधानभाऊ आणि रहीमभाईंचे. बीटी कपाशी दोन साल लागोपाठ बुडाली, तेव्हा हे दोघे शेजारी राजस्थानात खाणीवर गेले. सात वर्षांनी परतले. खोकला दोघांचा एकसारखा.

*

समाधानभाऊंना मशीनसमोर उभं केलं. "श्वास घ्या. धरा."

तीनदा फिल्म हलली. चौथ्यांदा ते शांतपणे म्हणाले, "साहेब, धरायले आत काही आलं तर पायजे."

*

डॉक्टरांनी विचारलं, "तिथं काय खोदत होता?"

"कापूस," रहीमभाई म्हणाले.

डॉक्टर चिडले. रहीमभाईंनी बोटं चोळून दाखवली. "दगडच होता साहेब. पण नखानं ओढला का धागे निघत. मऊ, पांढरे. त्या साली आमच्या बोंडात काही नव्हतं, अन् तिथं दगड वेचून राह्यलो होतो."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "अॅस्बेस्टॉस. याची धूळ छातीत रुतून बसते," एवढंच म्हणाले.

*

मुकादम खाणीत कधीच उतरला नाही म्हणे. नाकाला रुमाल लावून वरूनच हाका मारायचा.

खाली उन्हाची तिरीप आली की धूळ चमकायची. "लय चांगलं दिसे," समाधानभाऊ म्हणाले. "आम्ही भाकर तिथंच खाऊ."

*

रहीमभाईंनी एकदा त्या धाग्यांचा पुंजका घरी आणला. अम्मीनं त्याची वात वळून कंदिलात घातली. रॉकेल संपलं, वात तशीच. पुन्हा भरलं, पुन्हा संपलं.

"अम्मी म्हणे, बरकतीची चीज हाय. गल्लीत वाटली तिनं."

"मग?"

"अम्मी गेली. वात हायच."

*

समाधानभाऊंची बायको कमलवहिनी दरवेळी सोबत यायची, बाहेर बाकड्यावर बसायची. एकदा तीच खोकली. डॉक्टर म्हणाले, हिचाही काढ.

फिल्म पाहून ते माझ्यावर खेकसले, "नवऱ्याच्या फिल्मवर बायकोचं नाव टाकलंस?"

मी दुसरी काढली. नवरा-बायकोच्या फिल्म उजेडाच्या पेटीवर शेजारी लावल्या. तेच पांढरे डाग, त्याच जागी.

"वहिनी, तुम्हीही खाणीत उतरत होत्या का?"

"नाही जी. मी राजस्थान पाह्यलंच नाही. हे सुटीत घरी येत, तव्हा यांचे कपडे झटकून धूत होती मी."

वहिनी उठून पेटीजवळ आली, दोन्ही फिल्मकडे पाहिलं.

"यातली माही कोणती?"