मी फक्त सोबत आलोय

किस्से आम्ही जमवत नाही. संध्याकाळी केंद्राला कुलूप लावताना लक्षात येतं, की अरे, आज आणखी एक झाला. केंद्र स्वारगेटच्या अलीकडे, पहिल्या मजल्यावर. निवृत्त फौजींना जगणं नकोसं झालं, तर इथे ताबडतोब डॉक्टर भेटतात, आणि तेही मोफत. मी समुपदेशक, म्हणजे समोरच्याचं ऐकणं हे माझं काम. पंचाईत एवढीच, की फौजी बोलत नाहीत. नावं अर्थातच बदललेली आहेत.

*

खरं तर आमच्याकडे पेशंट येतच नाहीत. जो येतो तो दुसऱ्या कुणाच्या तरी सोबत आलेला असतो!

हवालदार जगताप वाघोलीच्या बाजूचे. पहिल्यांदा आले ते शेजाऱ्याला घेऊन. "ताई, ह्याला झोप लागत नाही. मी फक्त सोबत आलोय."

शेजारी खुर्चीत बसल्या बसल्या घोरायला लागला. जगतापांचे डोळे मात्र लालभडक.

"तुम्हाला लागते का झोप?" मी विचारलं.

"माझं काय, मी बरा हाय."

डॉक्टरांनी शेजाऱ्याला उठवून चहाला पाठवलं आणि जगतापांना आत घेतलं.

*

कर्नलसाहेब कोथरूडचे. दारावरची पाटी वाचूनच भडकले. "अपॉइंटमेंट लागत नाही म्हणजे काय? मग माणसाने वेळेवर यायचं कसं?"

शेवटी त्यांनी स्वतःच स्वतःला मंगळवारची वेळ देऊन टाकली. आले की म्हणतात, "जवानांची विचारपूस करायला आलोय." जगताप तिथे असले की ताडकन उभे राहतात. विचारपूस पाच मिनिटांत आटोपते, साहेब मात्र दुपारपर्यंत बसतात. बायको गेल्यापासून त्यांना घर खायला उठतं, हे आम्हाला कळत होतं. ते बोलले नाहीत आणि आम्ही विचारलं नाही.

*

ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं म्हणून मी खुर्च्या छान गोल मांडल्या. दुसऱ्या दिवशी बघते तर सगळ्या भिंतीला टेकलेल्या, तोंडं दाराकडे. मी परत गोल केला. परत भिंत.

"दाराकडे पाठ करून बसवत नाही, ताई," जगताप म्हणाले.

माझं ट्रेनिंग तिथेच संपलं. खुर्च्या अजून भिंतीलाच आहेत.

*

'मोफत' हा शब्द जगतापांना फार टोचायचा. "फुकटची औषधं आपल्याला नकोत."

डॉक्टरांनी विचारलं, "वर बर्फात होतात, तेव्हा ऑक्सिजनचे पैसे दिले होते?"

"न्हाई."

"मग ह्या गोळ्या घ्या."

त्या त्यांनी निमूटपणे खिशात टाकल्या. बरेच महिने ठीक गेले. मग मुलाशी काहीतरी बिनसलं, गोळ्या सुटल्या आणि त्यांचं येणंही थांबलं.

*

विसर्जनाच्या दिवशी आम्ही केंद्र मुद्दाम उघडं ठेवतो. मंडईकडून ढोल सुरू झाले, फटाके लागले, की काही जणांना घरात थांबवत नाही. कर्नलसाहेब रस्ते बंद व्हायच्या आत येऊन बसले होते. "गर्दी बघायला आलोय," म्हणाले. खिडकीकडे काही फिरकले नाहीत.

दुपारी फोन वाजला. जगताप.

"ताई, स्वारगेटला हाय. घरी जाणार न्हाई आता. माझं बास झालं. तुम्ही बायकोला समजावून सांगा."

मी डॉक्टरांना खूण केली. ते दुसऱ्या फोनवरून मदत मागवू लागले, पण गाडी कुठून येणार?

"तिथेच थांबा, मी चालत येते."

"येऊ नका. तुम्ही निघालात की मी हितनं जाणार."

कर्नलसाहेब उठले आणि त्यांनी हात पुढे केला. आता हे ऑर्डर सोडणार आणि सगळं बिघडणार, असं मला वाटलं. तरी मी फोन दिला. माझ्याकडे दुसरं काही उरलंच नव्हतं.

"जगताप, मी बोलतोय." साहेबांचा आवाज कापत होता. "मला या आवाजात जिना उतरता येत नाहीये. मला घ्यायला ये."

पलीकडे बराच वेळ नुसते ढोल ऐकू येत होते. मग फोन बंद झाला.

आम्ही तिघं दाराकडे बघत बसलो.

जगताप आले ते घामाने निथळत, गुलालाने माखलेले. दारातच ताठ उभे राहिले.

"उशीर केलास," कर्नलसाहेब म्हणाले.

"रस्ते बंद हायेत, साहेब."

जिना मात्र दोघंही उतरले नाहीत. शेजारीशेजारी बसले. डॉक्टर आपली खुर्ची ओढून जगतापांसमोर बसले. मी पाणी दिलं, जगतापवहिनींना फोन लावला.

थोड्या वेळाने साहेब खाली बघत म्हणाले, "मला खरंच उतरता येत नव्हतं रे."

"ठाव हाय, साहेब," जगताप म्हणाले. "म्हणून तर आलो."