लिंबाखालचा बिननावाचा देव

पुतणीला दहावीत भरघोस गुण पडले आणि आमच्या नांदेडच्या घरात ठरलं, की आता लातूर. नांदेडात शिकवण्या काय कमी आहेत, असं मी विचारून पाहिलं, तर दिरांनी असं पाहिलं, जणू मी पोरीला सर्कशीत घाला म्हणाले. पोहोचवायला कोण? निवृत्त विज्ञान शिक्षिका, म्हणजे मी. मी लगेच तयार झाले, कारण औशाच्या पुढं माझी शाळेतली मैत्रीण महानंदा राहते आणि तिच्याकडे जायला कित्येक वर्षांत निमित्तच मिळालं नव्हतं.

एसटी लोहा, अहमदपूर, चाकूर करत जाते. सकाळी निघालात तर जेवायला लातुरात. बायकांना अर्धं तिकीट, पण ऊन पूर्ण लागतं, तेव्हा उजवीकडची खिडकी धरा. अहमदपूरच्या स्टँडवर भजी कढईतून निघताना दिसली तरच घ्या.

लातुरात शिकवण्यांच्या भागात देवांपेक्षा गुणवंतांचे फोटो जास्त. पुतणीच्या खोलीच्या मालकीणबाईंनी नियम वाचून दाखवले, त्यातला पहिला म्हणजे मुलींनी सातच्या आत घरात. मुलांनाही हाच का, असं विचारलं तर म्हणाल्या, "पोरांचं हॉस्टेल पलीकडं हाय, तिथं विचारा." पुतणी हसली, मी नाही हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी औशापर्यंत बस आणि पुढं काळी-पिवळी जीप. जीप भरल्याशिवाय निघत नाही आणि भरल्यावरही आणखी तिघं बसतात. माझ्या मांडीवर एका मन्यारणीची बांगड्यांची टोपली आली. तिचं नाव चाँदबी, आणि ती महानंदाच्याच गावाला निघाली होती.

हे गाव भूकंपानंतर नव्या जागी वसलेलं. सरळ रेषेत रस्ते, सारखी घरं. लोक इथं राहायला आले तेव्हा माळावर एक झाड नव्हतं, असं महानंदा सांगते. मग तिनं आणि शेजारणींनी टँकरच्या पाण्यातलं तांब्या-तांब्या वाचवून कडुलिंब जगवले. भूकंपात तिची धाकटी जाऊ गेली होती. पहिला लिंब तिच्या नावाचा. आज तो एवढा मोठा आहे, की दुपारी अख्खी आळी त्याच्या सावलीत बसते.

बसायची, म्हणायला हवं. कारण मी पोचले तेव्हा लिंबाभोवती दोरी होती आणि पाटीवर लिहिलं होतं : 'महिलांना प्रवेश बंद'.

"हे काय गं?"

"आमचीच चूक," महानंदा म्हणाली. "पोरांच्या अभ्यासिकेसाठी लिंब पाडायला निघाले होते. म्हणून आम्ही बायांनी एक धोंडा ठेवला अन् शेंदूर फासला. देवाला कोण हात लावतंय? पण नाव द्यायचं राहून गेलं. गड्यांनी मारुती ठरवून टाकला."

मारुती म्हटल्यावर समिती झाली. समितीचे अध्यक्ष मन्मथप्पा, म्हणजे महानंदाचे यजमान. समितीनं ठरवलं, की मारुतीला सभामंडप पाहिजे, आणि सभामंडपाच्या आड पहिलाच लिंब येतो. कुऱ्हाडवाला त्याच दुपारी यायचा होता. आधी अभ्यासासाठी पाडणार होते, आता भक्तीसाठी. मला भयंकर राग आला. मी शाळेच्या सवयीनं पर्यावरणावर बोलायला तोंड उघडलं, तर महानंदानं ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढं ठेवली. "खा अन् गप बस. आज मंगळवार हाय."

दुपारी बाया हळदीकुंकू, हिरवं लुगडं आणि नारळ घेऊन दोरीशी आल्या. समितीतले गडी उभे राहिले. एवढ्यात महानंदाचे केस सुटले, मान फिरू लागली आणि ती घुमायला लागली. अंगात आलेल्या बाईला अडवायची कुणाची छाती होणार? ती दोरी ओलांडून थेट लिंबाला टेकली.

एका म्हाताऱ्यानं हात जोडून रीतीप्रमाणं विचारलं, "आई, तू कोण? काय पाहिजे ते सांग."

"मला पुरुष केला कुणी? मन्मथ, इकडं ये."

लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण महानंदानं नवऱ्याला नावानं हाक मारलेली कुणी ऐकली नव्हती. उखाण्यातसुद्धा ती कुजबुजायची. मन्मथप्पा टोपी काढून पुढं आले.

"माझ्या डोईवरची सावली काढतोस?"

"न्हाई आई."

"माझ्या लेकींना दोरी लावतोस?"

"चुकलं आई."

दोरी त्यांनीच सोडली. पाटी कुणी काढली ते गर्दीत कळलं नाही. चाँदबी धोंड्याभोवती फिरून म्हणाली, "बाई, इसको हात तो न्हाई. बांगड्या चढाऊँ कहाँ?" शेवटी हिरव्या बांगड्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातल्या. ओटी कोण भरणार म्हटल्यावर सगळ्यांनी पाहुणीकडे, म्हणजे माझ्याकडे पाहिलं. अंधश्रद्धेवर शाळाशाळांतून व्याख्यानं दिलेल्या या बाईनं तांदूळ आणि खण मुकाट्यानं घातले.

संध्याकाळी मी तिला गाठलं. "खरं सांग, नाटक केलंस ना?"

महानंदा केस विंचरत होती. "सुरुवात मी केली," ती म्हणाली. "मधलं कुणी केलं ते मलाबी ठावं न्हाई."

जाणाऱ्यांसाठी : गावात हॉटेल नाही, परतीची शेवटची जीप पाचला सुटते. मी अर्थातच चुकवली आणि सकाळी निघाले.

नांदेडला आल्यावर आमच्या यजमानांनी दोन दिवस मला 'देवीभक्त' म्हणून छळलं. छळू देत. लिंब उभा आहे याचा मला आनंदच आहे. पण एक गोष्ट मनातून जात नव्हती. एक साधं झाड वाचवायला एवढा खटाटोप का? देवी पुढच्या वेळी भलतंच काही मागून बसली तर? शेवटी मी महानंदाला फोन लावला आणि विचारलं, की हेच तू सरळ, शुद्धीत राहून का नाही सांगितलंस?

"सांगितलं की," ती म्हणाली. "ग्रामसभेत दोन डाव उठून सांगितलं. दोन्ही डाव हे म्हणले, आधी सगळ्यांचा चहा ठेव."